कुमारवयीनांना प्रजननविज्ञान शिकवताना : शहापूर-मुरबाड परिसरातील वैद्यांसाठी एक अभ्यासपाठ

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला शाळेचे निमंत्रण येते ते बहुधा आरोग्यतपासणीसाठी किंवा व्यसनमुक्तीवरील व्याख्यानासाठी. त्या भेटीतच कधीतरी मुख्याध्यापक आवाज खाली आणून आणखी एक विनंती करतात : 'सातवी-आठवीच्या मुलांना त्या वयातल्या चार गोष्टी तुम्हीच सांगा. आम्हाला ते अवघड जाते.' ही विनंती आपण कशी स्वीकारावी, वर्गात काय सांगावे आणि काय सांगू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, या पाठात अवयवांच्या माहितीइतकेच भयनिवारणाला महत्त्व आहे. आणि ते भय दूर करायचे तर आपल्याच परंपरेतील काही विधाने वैद्याने वर्गाबाहेर ठेवली पाहिजेत.

परिसर आणि वय

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी हे दोन्ही तालुके ठाण्यातच राहिले. तानसा आणि भातसा या जलाशयांतून मुंबईला पाणी देणारा हा मुलूख भातशेतीचा, पाड्यांचा आणि आश्रमशाळांचा आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाजांची मुले येथील शाळांत आहेत. कातकरी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटते. मुलीचे तुटले की ते पुन्हा जुळणे कठीण असते.

राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र यांचा समावेश करण्यात आला. पाठ चांगला आहे. परंतु तो विद्यार्थी पंधरा वर्षांचा झाल्यावर समोर येतो. मुलीला पहिली पाळी साधारणपणे बारा ते चौदा या वयात येते. म्हणजे शरीरात घडणारा बदल आधी आणि त्याचे स्पष्टीकरण दोन-तीन वर्षांनी, असा हा क्रम आहे. जी मुलगी आठवीनंतर शाळा सोडते तिला ते स्पष्टीकरण कधीच मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. त्यांच्यासाठी दहावीचा पाठ उशिराचा ठरतो. म्हणून हा पाठ सातवी किंवा आठवीत व्हावा, हे पहिले सूत्र.

मौनाची किंमत काय असते याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून, परंतु आपल्यासारख्याच आदिवासी-ग्रामीण भागातून मिळाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा जननेंद्रियविषयक विकार आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जे अवयव उच्चारायचेच नाहीत, त्यांचे दुखणे सांगायचे कसे? 'सर्च' संस्थेने पुढे 'तारुण्यभान' या नावाने युवकांसाठी शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, त्यामागे हाच अनुभव होता.

पूर्वपीठिका

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही आणि त्याला होणारा विरोधही नवा नाही. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवर, ही बाब आपण विशेष लक्षात ठेवावी. शंका विचारणे आणि तिला सरळ उत्तर देणे, एवढ्यासाठी त्यांना दंड भरावा लागला.

२००७ मध्ये केंद्रपुरस्कृत किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाच्या साहित्यावरून महाराष्ट्र विधिमंडळात वादळ उठले आणि राज्यातील शाळांतून तो कार्यक्रम थांबला. त्या साहित्यातील चित्रांवर झालेली टीका बाजूला ठेवली तरी एक धडा उरतो. पालकांना विश्वासात न घेता वरून आलेला पाठ गावात टिकत नाही. या ठिकाणी स्थानिक वैद्याचे स्थान वेगळे ठरते. तो त्या घरातल्या बाळंतपणापासून आजोबांच्या दम्यापर्यंत सर्व जाणतो. त्याच्या तोंडून आलेला शब्द परका वाटत नाही. हा विश्वास हेच आपले मुख्य साधन असल्याने तो जपून वापरला पाहिजे.

ग्रंथांतील आधार आणि त्यांची मर्यादा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक सांगितले आहेत, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. रजोदर्शन बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि रजोनिवृत्ती पन्नाशीच्या सुमारास, हे सुश्रुताचे निरीक्षण आजच्या नोंदींच्या जवळ जाणारे आहे. स्रावानंतरच्या ठराविक दिवसांना 'ऋतुकाल' म्हणून वेगळे काढणे ही देखील सूक्ष्म दृष्टी होय. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोळा वर्षांखालील मातेच्या गर्भाला धोका असतो, तो गर्भ दगावतो किंवा जन्मला तरी दुर्बल राहतो, असा स्पष्ट इशारा सुश्रुताने दिला आहे. बालविवाहाचे समर्थन परंपरेच्या नावाने करणाऱ्या पालकांपुढे हा आधार वैद्याने अवश्य ठेवावा. त्याचबरोबर आजचा कायदा मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस ही वये ठरवतो, हेही सांगावे. सोळा हे वय परवानगी म्हणून ऐकले जाऊ नये.

परंतु सर्वच विधाने अशी उपयोगी नाहीत. शुक्राधिक्याने पुत्र व आर्तवाधिक्याने कन्या, तसेच सम-विषम रात्रींनुसार अपत्याचे लिंग, ही मते वर्गात सांगता येणार नाहीत. शुक्राणू प्रथम १६७७ मध्ये लेव्हेनहुक याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज १८२७ मध्ये फॉन बेअर याने दाखवले. लिंगनिश्चिती गुणसूत्रांनी होते हे १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी कीटकांच्या अभ्यासातून सिद्ध केले. संहिताकारांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांचे अनुमान त्यांच्या काळातील साधनांच्या मर्यादेत होते, असे म्हणण्यात त्यांचा अवमान नाही. मात्र आज ते अनुमान मुलांना शिकवले, तर 'मुलगी झाली ती आईमुळे' या अन्यायाला आपण शास्त्राचा शिक्का देतो. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय. मुलगा की मुलगी हे पित्याकडून आलेल्या शुक्राणूवर ठरते आणि त्यात पित्याचाही दोष नसतो.

संज्ञांबाबतही सावधगिरी हवी. 'आर्तव' हा शब्द ग्रंथांत मासिक स्रावासाठी येतो आणि स्त्रीबीजासाठीही. वैद्य संदर्भावरून अर्थ लावतो. आठवीतील मुलगी तसे करू शकत नाही. पाळीचे रक्त म्हणजेच बीज, असा तिचा समज होतो. म्हणून वर्गात पाळी, स्त्रीबीज, गर्भाशय, बीजकोश हे स्वतंत्र शब्द स्वतंत्र अर्थाने वापरावेत.

बीज आणि राब

बीज-क्षेत्र हा दृष्टान्त आपल्या भागातील मुलांना चटकन कळतो, कारण राब भाजणे, पेरणी आणि आवणी त्यांनी हातांनी केलेली असते. परंतु हा दृष्टान्त जसाच्या तसा वापरला तर चुकीचा अर्थ देतो. पुरुष बी पेरणारा आणि स्त्री केवळ जमीन, असा त्याचा लोकप्रचलित अर्थ आहे. वास्तविक राबात पेरलेला भाताचा दाणा हा फलन पूर्ण झालेला, आत कोवळा अंकुर असलेला दाणा असतो. पुरुषाचा शुक्राणू त्या दाण्यासारखा नाही. तो फार तर परागकणासारखा आहे.

म्हणून उदाहरण भाताऐवजी भोपळ्याच्या किंवा काकडीच्या वेलाचे घ्यावे. पावसाळ्यात झोपडीच्या छपरावर चढलेल्या वेलावर दोन प्रकारची फुले येतात. एकाखाली इवलेसे फळ असते, दुसऱ्याचा देठ साधाच असतो. दोन्ही फुले वर्गात आणून उघडून दाखवली की पराग आणि बीजांडे यांचा संबंध कळतो. पराग न पोहोचल्यास ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते, हे मुलांनी पाहिलेले असते. मग सांगावे : मानवी गर्भाला निम्मी गुणसूत्रे, म्हणजे तेवीस, आईकडून आणि तेवीस वडिलांकडून मिळतात. आई ही जमीनही आहे आणि निम्मे बीजही तिचेच आहे. चरकाने गर्भातील मातृज आणि पितृज भाव वेगळे सांगताना दोघांच्या वाट्याचे मूळ तत्त्व ओळखले होते; त्यातील अवयवांची वाटणी मात्र आज शब्दशः घेता येत नाही.

याच ठिकाणी सिकलसेलचा विषय येतो. आदिवासी समाजांत या आजाराचे वाहक आढळतात. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोन बीजांचे तत्त्व समजलेल्या विद्यार्थ्याला विवाहापूर्वीच्या रक्ततपासणीचे कारण वेगळे समजवावे लागत नाही.

दोन शब्द : 'दोष' आणि 'विटाळ'

मुलग्यांच्या मनातील भय 'स्वप्नदोष' या शब्दात साठलेले आहे. शब्दातच दोष असल्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा स्वतःला रोगी समजतो. रक्ताच्या अमुक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब, ही समजूत त्याने मित्रांकडून ऐकलेली असते आणि भिंतींवरील 'गुप्तरोग' जाहिरातींनी ती पक्की केलेली असते. वीर्यनाशाच्या भीतीतून येणारा थकवा, चिंता आणि निद्रानाश यांच्या समूहाला १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. अशा मुलाला वाजीकरणाचे चूर्ण देऊन पाठवणे म्हणजे त्याच्या भीतीला दुजोरा देणे होय.

शास्त्राधारे सांगावे ते असे. वीर्यातील बहुतांश द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प असतो. वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि वयात आल्यावर ही क्रिया अखंड चालू राहते. झोपेत स्राव होणे हे वृषणे कार्यरत झाल्याचे लक्षण आहे. बृहत्त्रयीतील धातुपोषणक्रमात थेंबांचा तो हिशेब नाही. उलट, चरकाने ज्या तेरा वेगांचे धारण करू नये असे सांगितले, त्यांत शुक्रवेगाचाही समावेश आहे. ग्रंथांतील शुक्रक्षय ही व्याधी वेगळी आणि कुमारवयातील स्वाभाविक स्राव वेगळा. म्हणून वर्गात 'स्वप्नदोष' हा शब्द टाळून 'झोपेत वीर्यस्राव होणे' असे साधे म्हणावे.

मुलींच्या बाबतीत तेच काम 'विटाळ' हा शब्द करतो. 'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'अडचण आहे' या बोलींतून मुलगी पाळीचे नाव न घेता पाळी शिकते. तिला सांगावे की, गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला गर्भाच्या स्वागतासाठी जाड होते आणि गर्भ न राहिल्यास ते रक्तासह बाहेर पडते. ते रक्त शरीरातील इतर रक्तासारखेच रक्त आहे. त्यात विष किंवा मळ नाही. एका पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरपेक्षा अधिक जाणे, स्राव सात दिवसांहून अधिक टिकणे किंवा वेदनेने शाळा बुडणे ही तपासणीची कारणे आहेत. पहिली दोन-तीन वर्षे चक्र अनियमित असू शकते. २१ ते ४५ दिवसांचे अंतर त्या वयात स्वाभाविक मानावे.

रजस्वलापरिचर्येतील विश्रांतीचा भाग आजही घेण्याजोगा आहे. स्नान वर्ज्य करण्याचा भाग मात्र सांगू नये. रोज स्नान, दर चार-सहा तासांनी घडी बदलणे, कापड वापरत असल्यास ते साबणाने धुऊन उन्हात वाळवणे, हे सांगावे. कापड लाजेने अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते, हा विटाळाचाच परिणाम आहे.

पाच तासिकांची मांडणी

पूर्वतयारी : मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची संमती घ्यावी. पालकसभेत पाठाचा आराखडा वाचून दाखवावा आणि आकृत्याही दाखवाव्यात. आश्रमशाळेत अधीक्षक व स्त्री-अधीक्षक यांना सोबत घ्यावे. मुलींच्या स्वतंत्र तासिकेसाठी वैद्या, आरोग्यसेविका किंवा शिक्षिका असावी.

पहिली तासिका (एकत्र) : वाढीचे वय. उंची, आवाज, केस, घाम, मुरुमे. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते, हे ठसवावे. मागे राहिलेल्या आणि पुढे गेलेल्या मुलांची चेष्टा येथेच थांबते.

दुसरी तासिका (एकत्र) : वेलावरील फुलांपासून आरंभ करून दोन्ही प्रजननसंस्थांच्या आकृत्या फळ्यावर काढाव्यात. अवयवांची नावे हृदय-यकृत म्हणावे तशा स्वरात उच्चारावीत. वैद्य अडखळला की वर्ग हसतो.

तिसरी तासिका (स्वतंत्र) : मुलींसाठी पाळीची निगा, मुलांसाठी वीर्यस्राव आणि भीतीचे निरसन. त्यानंतर मुलांनाही पाळीची माहिती द्यावी. बहिणीची पाळी हा चेष्टेचा विषय राहू नये.

चौथी तासिका (एकत्र) : फलन, गर्भवाढ, जन्म, लिंगनिश्चिती, विवाहाचे वय. रक्ताल्पता हा येथील आवश्यक भाग. राज्यातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली या सर्वेक्षणात रक्ताल्प आढळल्या आहेत. शाळेत मिळणारी निळी लोहगोळी आठवड्यातून एकदा जेवणानंतर घ्यावी आणि तिच्यासोबत चहा टाळावा. लोहकल्प देणाऱ्या वैद्याने या गोळीची निंदा करू नये; ती चालू ठेवण्यास सांगावे.

पाचवी तासिका (एकत्र) : प्रश्नपेटी आणि सुरक्षितता. आदल्या दिवशी प्रत्येकाला सारखाच कागद द्यावा आणि प्रश्न नसेल त्यानेही कोरी चिठ्ठी टाकावी, असा नियम करावा. त्यामुळे कोणी विचारले हे कळत नाही.

प्रश्न आणि उत्तरे

'एकाच बाजूला दुखते म्हणजे दुसरा बीजकोश बंद आहे का?', 'पाळीत लोणच्याला हात लावला तर ते नासते का?', 'दाढी उशिरा आली तर मूल होत नाही का?', 'मूल बाहेर येते ती जागा आणि लघवीची जागा एकच का?' अशा प्रश्नांची तयारी ठेवावी. हे प्रश्न अश्लील नाहीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्त्रीशरीरात तीन स्वतंत्र मार्ग आहेत, एवढेच आहे; परंतु ते माहीत नसलेली अनेक प्रौढ माणसेही आपल्या दवाखान्यात येतात. लोणच्याच्या प्रश्नावर वाद घालण्याऐवजी बरणीत ओला चमचा गेला की बुरशी येते, हे सांगावे आणि कोरड्या हाताने लोणचे काढून पाहण्याचा प्रयोग ज्याच्या त्याच्यावर सोपवावा.

खोडसाळ वाटणाऱ्या चिठ्ठीलाही गंभीर उत्तर द्यावे. उत्तर माहीत नसल्यास पुढच्या भेटीत सांगेन, असे म्हणावे. वैद्याने ब्रह्मचर्यावर प्रवचन देऊ नये, औषधाचे नाव घेऊ नये आणि स्वतःच्या दवाखान्याचे पत्रक वाटू नये.

कायदेशीर जबाबदारी

पाठानंतर एखादे मूल एकांतात येऊन काही सांगेल, ही शक्यता गृहीत धरावी. अवांछित स्पर्श किंवा अत्याचार कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील गर्भवती मुलगी दवाखान्यात आली तरी हेच लागू होते. गावात आपसात मिटवण्याच्या प्रयत्नात वैद्याने सहभागी होऊ नये. मुलाचे नाव कोठेही उघड करू नये. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक फळ्यावर लिहून तो मुलांना पाठ करायला सांगावा. अन्य तक्रारींसाठी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील 'मैत्री' या किशोरवयीन आरोग्य केंद्रांकडे पाठवावे.

समारोप

कौमारभृत्य आणि स्वस्थवृत्त ही आपल्या शास्त्राची अंगे आहेत. कुमारवयातील मुलाला त्याच्या शरीराचे यथार्थ ज्ञान देणे हे या दोहोंच्या सीमेवरील कार्य होय. शहापूर-मुरबाडमधील प्रत्येक सभासदाने वर्षातून एका शाळेत ही पाच तासिकांची मालिका घेतली आणि प्रश्नपेटीतील चिठ्ठ्या, नावे व गावे वगळून, संघटनेकडे जमा केल्या, तर दोन वर्षांत आपल्या भागातील मुलांना नेमके काय जाणून घ्यायचे आहे याचा विश्वसनीय संग्रह तयार होईल. पुढील पाठ त्या चिठ्ठ्यांवरून ठरवावा. वर्गातून बाहेर पडताना मुलगा 'मला रोग नाही' आणि मुलगी 'मी अपवित्र नाही' एवढे निश्चितपणे घेऊन गेली, तर पाठ सफल झाला असे समजण्यास हरकत नाही.